सहा टायटलं बाबांची, चार लेकाची, आणि मधल्या मधे विसरलेला करीम

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की बास्केटबॉलचा आजवरचा सगळ्यात मोठा प्लेयर कोण, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप असा नुसता पाऊस पडला. 'आजवरचा सगळ्यात महान' ह्याच्या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून पोरं 'गोट' म्हणतात, म्हणजे शब्दशः बकरी. आपल्या मराठीत गोट म्हणजे छावणी, आणि तुमची पत्रं वाचताना मला आपलाच अर्थ जास्त खरा वाटला, कारण प्रत्येकजण कुठल्या तरी गोटात ठाण मांडून बसलाय आणि तिथून हलायला तयार नाहीये. जागा कमी आहे त्यामुळे सात पत्रं घेतलीत. पहिल्याला उत्तर खूप लांबलंय, पण बाकीच्या पत्रांतले अर्धे प्रश्न त्यातच येतात.

ताई नमस्कार, मी ५२ वर्षांचा, ठाण्यात राहतो. कॉलेजात असताना घरी केबल आली आणि मायकल जॉर्डन बघितला, तेव्हापासून दुसरा कोणी डोळ्यांत भरलाच नाही. मुलगा १९ चा, त्याच्यासाठी लेब्रॉन जेम्स म्हणजे देव. जेवताना विषय निघाला की आवाज चढतात. माझं म्हणणं सरळ आहे, जॉर्डन सहा फायनल खेळला आणि सहाही जिंकला, लेब्रॉन दहा खेळला आणि सहा हरला. तो म्हणतो पॉइंट बघा. तुम्ही निकाल द्या, आम्ही दोघं मान्य करू. (एक वाचक, ठाणे)

दादा, निकाल देते, पण तो तुम्हा दोघांनाही आवडेल असं वाटत नाही.

आधी तुमचं सहा-शून्य घेऊ. हे आर्ग्युमेंट मला कधीच पटलेलं नाही, कारण फायनल हरलेला माणूस निदान फायनलपर्यंत पोचलेला तरी असतो. जॉर्डन १९८४ ला एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये, शिकागो बुल्सकडे आला, आणि १९८५, ८६, ८७ अशी तीन वर्षं पहिल्याच राउंडला बाहेर, त्या तीन सिरीज मिळून बुल्सनी फक्त एक मॅच जिंकली. मग ८८, ८९, ९० सलग तीन वर्षं डेट्रॉइट पिस्टन्सनी त्यांना घरी पाठवलं. ९५ ला बेसबॉल सोडून परत आला तेव्हा ऑर्लँडोकडून हरला. ह्यातली एकही हार तुमच्या सहा-शून्यात मोजली जात नाही कारण ती फायनलच्या आधी झाली. आणि लेब्रॉन २००७ ला, २२ वर्षांचा पोरगा, क्लीव्हलँडसारख्या साध्या टीमला ओढत घेऊन गेला, त्याच डेट्रॉइटविरुद्ध पाचव्या मॅचमध्ये टीमचे शेवटचे २५ पॉइंट एकट्याने केले, फायनल गाठली आणि तिथे सॅन अँटोनिओकडून ४-० (सातपैकी चार जिंकायच्या असतात) हरला, तर तो त्याच्या नावावर डाग. म्हणजे तो डेट्रॉइटकडूनच हरला असता तर तुमच्या हिशोबात जास्त मोठा ठरला असता! हे गणित मला जमत नाही.

आता चिरंजीवांचं. ७ फेब्रुवारी २०२३ ला लेब्रॉनने करीमचा (हा कोण ते खाली येतंच) ३८,३८७ पॉइंटचा रेकॉर्ड मोडला, २ मार्च २०२४ ला ४०,००० पार केले, अजून कोणी तिथे पोचलेलंच नाही. मान्य, शंभर टक्के मान्य. पण बेटा, एकूण बेरीज ही वर्षांचीही बेरीज असते. तो २००३ ला शाळेतून थेट, १८ व्या वर्षी आला आणि वीसपेक्षा जास्त सीझन खेळला. मॅचमागे सरासरी काढली तर ३०.१ वाला जॉर्डन आजही सगळ्यांच्या वर आहे. आणि १९८७-८८ चा सीझन तू एकदा नीट बघ. मॅचला ३५ पॉइंटची सरासरी, लीगमधला टॉप स्कोअरर, एमव्हीपी म्हणजे सीझनचा सर्वोत्तम प्लेयर, आणि त्याच वर्षी बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयरसुद्धा तोच. एका टोकाला सगळ्यात जास्त बास्केट करायचे आणि पळत दुसऱ्या टोकाला येऊन समोरच्या टीमच्या चांगल्यातल्या चांगल्या गार्डचं जगणं मुश्किल करायचं, आणि हे अख्खा सीझन. मी पोरांना शिकवते, एका मॅचमध्ये दोन्ही टोकांना जीव तोडून खेळणारं पोरगं मिळालं तरी मला भरून येतं.

दादा, तुमचा जॉर्डन मला कशात दिसतो सांगू? १४ जून १९९८, युटाहच्या कोर्टवर सहावी मॅच. ४२ सेकंद राहिलेत आणि बुल्स ३ ने मागे. जॉर्डन सरळ आत घुसून दोन पॉइंट घेतो, आता १ ने मागे. पलीकडे बॉल युटाहच्या कार्ल मलोनकडे पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, जातो, जॉर्डन मागून चोरपावलांनी येतो आणि त्याच्या हातातून बॉल काढून घेतो. मग टाइमआउट नाही, घाई नाही, बॉल पुढे आणतो, अडवायला आलेल्या ब्रायन रसेलला उजवीकडे नेतो, एकदम थांबतो, रसेल घसरतो, आणि ५.२ सेकंद राहिलेले असताना शॉट आत. ८७-८६. ढकललं की नाही ह्यावर लोक अजून वाद घालतात, घालू देत. सगळ्यांना लक्षात राहतो तो शॉट, पण माझ्यासाठी खरी गोष्ट त्याच्या आधीची चोरी आहे. ४५ पॉइंट केलेला, पस्तिशीतला, दमलेला माणूस डिफेन्सला त्या क्षणी डोकं चालवतो, ते भारी आहे.

लेब्रॉनचं उत्तर २०१६. समोर गोल्डन स्टेट, सीझनमध्ये ७३ मॅच जिंकलेली टीम, फायनलमध्ये ३-१ ने पुढे. तिथून कोणीच कधी परत आलेलं नव्हतं. पाचव्या आणि सहाव्या मॅचमध्ये त्याने ४१-४१ पॉइंट केले, सातव्यात ८९-८९ असताना मागून पळत येऊन इग्वोडालाचा शॉट बोर्डावर दाबला. त्या फायनलमध्ये दोन्ही टीम मिळून सगळ्यात जास्त पॉइंट, रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास), स्टील (बॉल चोरणं) आणि ब्लॉक (शॉट हाताने अडवणं), पाचही त्याचेच. आणि अजून एक, तुम्ही दोघं जेवताना ह्यावर बोला: १९९३ ला जॉर्डन रिटायर झाला तर बुल्स ५७ विजयांवरून ५५ वर आले, बस्स. २०१० ला लेब्रॉन सोडून गेला तर क्लीव्हलँड ६१ वरून १९ वर कोसळलं. आता म्हणाल की बुल्सकडे स्कॉटी पिपेनसारखा दुसरा स्टार होता, फिल जॅक्सनसारखा कोच होता, तर तेच म्हणतेय मी.

तर निकाल असा. एक सीझन, एक मॅच, आयुष्य पणाला लावायचंय, तर मी जॉर्डनला घेईन. वीस वर्षांसाठी टीम बांधायचीय तर लेब्रॉनला. पण तुम्ही दोघं ज्या दोन गोष्टींवर भांडताय, म्हणजे सहा टायटलं आणि प्रचंड लांब करिअर, त्या दोन्ही एकाच माणसाकडे जॉर्डन लीगमध्ये रुळायच्या आधीपासून जमत होत्या आणि त्याचं नाव तुमच्या ताटाजवळ आलंच नाही.

करीम अब्दुल जब्बार. न्यूयॉर्कचा, जन्माचं नाव लू अल्सिंडर. शाळेत असताना त्याच्या टीमने सलग ७१ मॅच जिंकल्या. कॉलेजात, यूसीएलएमध्ये जॉन वूडन कोचच्या हाताखाली, तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीममध्ये घेत नसत, राहिलेली तीन वर्षं तिन्ही वेळा चॅम्पियन, ८८ जिंकल्या आणि २ हरले. १९६९ ला मिलवॉकीत आला, ती टीम जेमतेम एक वर्षाची होती, २७ मॅच जिंकलेली, तो आल्यावर ५६ झाल्या आणि पुढच्याच वर्षी ६६ आणि टायटल. एमव्हीपी सहा वेळा. जॉर्डनला पाच, लेब्रॉनला चार, सहा आजही कोणालाच नाहीत. टायटलंही सहा, एक मिलवॉकीला आणि पाच लॉस एंजेलिसच्या लेकर्सला. पॉइंटचा रेकॉर्ड १९८४ ला घेतला आणि जवळपास ३९ वर्षं टिकवला. आणि हे लक्षात घ्या की थ्री पॉइंटची लाइन एनबीएत १९७९ ला आली, तोपर्यंत त्याची दहा वर्षं होऊन गेली होती, अख्ख्या करिअरमध्ये त्याने थ्री पॉइंटर मारला फक्त एक. म्हणजे जवळजवळ सगळे पॉइंट दोन-दोन करून आणि फ्री थ्रोवर (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) जमवलेत, ते पण चार वर्षं कॉलेजात घालवून २२ व्या वर्षी सुरुवात करून.

१९८५ ची फायनल बघा. करीम ३८ वर्षांचा. पहिल्या मॅचला बॉस्टनने लेकर्सना १४८-११४ असं कुटलं, करीमचे १२ पॉइंट आणि ३ रिबाउंड, सगळे म्हणाले म्हातारा संपला. दुसऱ्या मॅचला ३० पॉइंट, १७ रिबाउंड, ८ असिस्ट. लेकर्स बॉस्टनला फायनलमध्ये त्याआधी कधीच हरवू शकले नव्हते, आठ वेळा हरले होते, ते ह्या वर्षी जिंकले आणि फायनलचा एमव्हीपी करीम. पहिला फायनल एमव्हीपी १९७१ ला, हा दुसरा १९८५ ला, मध्ये चौदा वर्षं!

त्याच्या विरुद्धचं पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई पक्षपाती. १९७५ आणि ७६ ला त्याची टीम प्लेऑफलाच (सीझननंतरच्या बाद फेरीला) गेली नाही. ७७ ला पोर्टलंडने ४-० ने उडवलं. मिलवॉकीत ऑस्कर रॉबर्टसन आल्यावर टायटल मिळालं आणि लेकर्समध्ये मॅजिक जॉन्सन आल्यावर. ८७ आणि ८८ च्या टायटलांना टीम मॅजिकची होती, हे करीमचा कट्टर चाहतापण नाकारणार नाही. मला हे सगळं मान्य आहे. पण पिपेनशिवाय जॉर्डनचं एकही टायटल नाही आणि वेड, अर्विंग, डेव्हिस ह्या जोडीदारांशिवाय लेब्रॉनचं नाही, मग हा नियम करीमलाच का लावायचा?

मग तो विसरला का गेला? १९८० च्या फायनलचंच घ्या. पहिल्या पाच मॅचमध्ये करीमची सरासरी ३३ च्या वर, पाचव्या मॅचला घोटा मुरगळला तरी परत येऊन खेळला, ४० पॉइंट केले. सहावीला जाऊ शकला नाही, मॅजिक त्याच्या जागी सेंटरला उभा राहिला, ४२ पॉइंट, टायटल आणि फायनलचा एमव्हीपी मॅजिकला. आणि ती एवढी मोठी मॅच अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाइव्ह दाखवलीच नाही, रात्री उशिरा रेकॉर्डिंग लावलं! करीमची उमेदीची वर्षं अशी अंधारात गेली. जॉर्डन आला तो नायकीचे शूज, सॅटेलाइट टीव्ही आणि १९९२ चं बार्सिलोना ऑलिम्पिक घेऊन, ते ठाण्यात तुमच्यापर्यंत पोचलं. त्यात करीम अबोल, पत्रकारांशी फटकून वागणारा, १९७१ चं टायटल जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मुसलमान नाव जाहीर केलं, आणि अमेरिकेतल्या पुष्कळ लोकांना तो कधी आपला वाटलाच नाही. ह्यात त्याच्या खेळाचा काय दोष, सांगा.

माझं उत्तर करीम. आता तुम्ही दोघं एकत्र येऊन माझ्याशी भांडा, निदान घरात तरी एक गोट होईल.

मॅडम, अंगठ्याच (टायटल जिंकल्यावर मिळतात त्या) मोजायच्या तर बिल रसेलच्या ११ आहेत. मग वाद कशाला? (एक वाचक, नागपूर)

अंगठ्या मोजायच्या तर वाद नाहीच. बॉस्टनकडून १३ सीझन, ११ टायटलं, त्यातली आठ सलग, १९५९ ते ६६. त्याच्या आधी १९५५ आणि ५६ ला कॉलेजची दोन, आणि ५६ ला मेलबर्नचं ऑलिम्पिक गोल्ड. सातव्या मॅचला तो दहा वेळा उतरला आणि दहाही जिंकला. शेवटची दोन टायटलं तर तो खेळतही होता आणि कोचही तोच होता, एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय हेड कोच.

लोक म्हणतात की त्याची सरासरी फक्त १५ पॉइंट आणि लीगमध्ये सुरुवातीला आठच टीम होत्या. आठ टीमचं खरंय, पण मग प्रत्येक टीममध्ये दर्जाही दाटलेला होता. आणि रसेलचं काम आकड्यात पकडलंच जात नाही, कारण ब्लॉक मोजायला एनबीएने सुरुवात केली १९७३-७४ ला, तो रिटायर झाला ६९ ला! तो ब्लॉक करायचा तो पण प्रेक्षकांत भिरकावण्यासाठी नाही हं, बॉल हळूच आपल्याच माणसाकडे ढकलायचा, म्हणजे समोरच्याचा शॉट गेला आणि आपला फास्ट ब्रेक सुरू. मी पोरांना हेच सांगून सांगून थकते की बॉल बाहेर मारलास तर तो परत त्यांनाच मिळतो ना.

एक वेगळी गोष्ट पण सांगावीशी वाटते. १९६१ ला केंटकीतल्या लेक्सिंग्टनला मॅच होती, तिथे बॉस्टनच्या कृष्णवर्णीय प्लेयरना जेवण द्यायला नकार दिला, तर रसेल आणि बाकीचे न खेळता निघून गेले. ज्या शहरासाठी ११ टायटलं जिंकली त्या बॉस्टनजवळच्या त्याच्या घरात शिरून लोकांनी नासधूस केली. हे सगळं पाठीवर घेऊन तो जिंकत राहिला. २०२२ ला तो गेला त्यानंतर त्याचा ६ नंबर अख्ख्या लीगमधून कायमचा रिटायर केला, असा मान एनबीएत पहिल्यांदाच कोणाला मिळाला.

सगळ्यात मोठा जिंकणारा कोण विचाराल तर रसेलच, दुसरं नाव नाही. मी करीमला वर ठेवते ते एवढ्याचसाठी की करीम डिफेन्सही करायचा आणि अडचणीत बॉल त्याच्याकडे टाकला तर बास्केटही हमखास यायचा, रसेलच्या टीममध्ये ते काम सॅम जोन्स वगैरे करायचे. पण तुम्ही रसेल म्हणालात तर मी भांडणार नाही.

ताई, विल्ट चेंबरलेनने एका मॅचमध्ये १०० पॉइंट केले हे खरं आहे का? माझा मित्र म्हणतो व्हिडिओच नाही म्हणजे थाप आहे. (इयत्ता ८ वी, कोल्हापूर)

खरं आहे रे. २ मार्च १९६२, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी नावाचं गाव, चॉकलेटवालं हर्शी तेच. फिलाडेल्फिया वॉरियर्स १६९, न्यूयॉर्क निक्स १४७. विल्टने ६३ शॉट मारले, ३६ गेले, आणि फ्री थ्रो ३२ पैकी २८, जे बघून सगळे चाट पडले कारण तो फ्री थ्रोला फारच कच्चा होता. टीव्ही नव्हता हे बरोबर, पण स्कोअरशीट आहे, शेवटच्या क्वार्टरचं रेडिओ रेकॉर्डिंग आहे, आणि हजारो लोक तिथे बसलेले होते. व्हिडिओ नसला की थाप असं म्हटलं तर तुझ्या आजोबांच्या लहानपणाचं काहीच खरं धरता येणार नाही.

मित्राला एवढं मात्र सांग की शेवटी शेवटी ती मॅच राहिलीच नव्हती. निक्सवाले मुद्दाम दुसऱ्या प्लेयरना फाउल करत होते म्हणजे बॉल विल्टकडे जाऊ नये, आणि वॉरियर्स निक्सना फाउल करत होते म्हणजे बॉल लवकर परत मिळावा. त्या सीझनला त्याची सरासरी ५०.४ पॉइंट होती आणि मॅचमागे मिनिटं ४८.५, मॅचच ४८ मिनिटांची असताना! ओव्हरटाइम धरून. म्हणजे तो जवळजवळ कधी बसलाच नाही. पण रसेलसमोर प्लेऑफच्या आठ सिरीज खेळला आणि एकच जिंकला, १९६७ ची. म्हणून मी त्याला ह्या यादीत चौथ्या-पाचव्या नंबरच्या वर नेत नाही.

इथे आमच्या मराठी मंडळातल्या पोरांचं म्हणणं असं की जुने प्लेयर आजच्या लीगमध्ये टिकलेच नसते, तेव्हा सगळे हळू होते. काय उत्तर देऊ? (एक वाचक, न्यू जर्सी)

त्यांना म्हणा की टाइम मशीन एका बाजूनेच का चालवता? रसेल आज जन्मला असता तर त्याला आजचे शूज, आजचा फिजिओ, आजचं खाणं आणि टीमचं स्वतःचं विमान मिळालं असतं. आणि आजच्या एखाद्या स्टारला १९६२ ला नेऊन कॅनव्हासचे बूट घाला, साध्या प्रवासी विमानाने रात्रभर फिरवा, दुसऱ्या दिवशी परत खेळवा, मग बघू.

नियमही बदलत आलेत. १९६४ ला बास्केटखालचा पट्टा १२ फुटांवरून १६ फूट केला, मुख्य कारण विल्ट. १९६७ ला अमेरिकेतल्या कॉलेजांनी डंकवर बंदी घातली, लोक म्हणतात तो करीमसाठीच केलेला नियम, ती ७६ पर्यंत राहिली. जॉर्डनच्या काळात डिफेंडर हाताने अडवू शकायचा, २००४-०५ पासून ते कडक बंद झालं, म्हणून काही जण म्हणतात आता सोपं झालंय. पण त्याच जॉर्डनच्या काळात झोन डिफेन्सला (माणूस न धरता जागा राखायला) परवानगी नव्हती, ती २००१-०२ ला मिळाली, म्हणजे त्याला एकास एक खेळायला मोकळी जागा मिळायची, लेब्रॉनला ती मिळाली नाही. पारडं कधी इकडे कधी तिकडे झुकतं.

त्यामुळे मी एवढंच बघते की तो आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती वर होता आणि किती वर्षं वर होता.

ताई, ह्या सगळ्या याद्यांमध्ये एकपण मुलगी का नसते? मी १६ वर्षांची, पॉइंट गार्ड खेळते. (मडगाव)

तुझं पत्र वाचून आधी मला स्वतःचीच लाज वाटली, कारण मागच्या अंकात प्रश्न विचारताना मी पण 'प्लेयर' म्हणजे पुरुष असंच गृहीत धरलं होतं.

कारण साधं आहे आणि वाईट आहे. मुलींचं बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये आलं १९७६ ला, पुरुषांचं १९३६ ला. अमेरिकेत डब्ल्यूएनबीए, म्हणजे बायकांची एनबीए, सुरू झाली १९९७ ला. सिंथिया कूपरचं बघ, तिने उमेदीची वर्षं स्पेन आणि इटलीत काढली कारण घरी खेळायला धड लीगच नव्हती, ती सुरू झाली तेव्हा ही चौतिशीत. आणि आल्या आल्या सलग चार टायटलं, १९९७ ते २०००, चारही वेळा फायनलची एमव्हीपी तीच. ती २२ वर्षांची असताना ही लीग असती तर आज आपण कोणाची नावं घेतली असती? मला ह्याचा खरोखर त्रास होतो. सोव्हिएत टीमची उल्याना सेम्योनोव्हा घे, जवळपास सात फूट उंच, १९७६ आणि ८० अशी दोन ऑलिम्पिक गोल्ड, तिचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय?

एक नाव द्यायचं तर माझ्याकडून डायना तौरासी. २००४ ते २०२४ सलग सहा ऑलिम्पिक गोल्ड, डब्ल्यूएनबीएत सगळ्यात जास्त पॉइंट, तीन टायटलं. तू पॉइंट गार्ड आहेस म्हणून सू बर्डच्या जुन्या मॅच शोधून बघ, पास द्यायच्या आधी तिची मान कुठे वळते ते बघ. आणि लांब कशाला, पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन होती, तिचा खेळ बघ.

कोबी आणि करी कुठे? (एक वाचक, पुणे)

कोबी ब्रायंटच्या ८१ पॉइंटच्या रात्रीचं (२२ जानेवारी २००६, टोरांटो) कौतुक मला पण आहे, पाच टायटलं आहेत, पण त्याचा खेळ जॉर्डनला समोर ठेवून घडवलेला होता आणि तो जॉर्डनच्या थोडा खालीच राहिला. स्टीफन करी वेगळा. २०१५-१६ ला एका सीझनमध्ये ४०२ थ्री पॉइंटर, आणि आज आपल्या शाळेच्या ग्राउंडवर सातवीतलं पोरगं हाफ कोर्टवरून बॉल फेकतं ते त्याच्यामुळेच. खेळ बदलणाऱ्यांत तो पहिल्या तिघांत, महानांत पहिल्या दहात.

मॅडम, करीमच्या स्कायहुकबद्दल बाबांकडून ऐकलं. तो एवढा अडवता न येणारा शॉट होता तर आज कोणीच का मारत नाही? आणि मला शिकता येईल का? उंची ५ फूट ९ इंच. (एक वाचक, सांगली)

ह्या पत्राची मी वाटच बघत होते.

स्कायहुक अडवता येत नाही त्याचं कारण तुझं शरीर. नेहमीच्या जम्प शॉटला तू डिफेंडरसमोर तोंड करून उभा असतोस, बॉल तुमच्या दोघांच्या मध्ये असतो. हुकला तू आडवा उभा राहतोस, डावा खांदा त्याच्याकडे, बॉल उजव्या हातात लांबच्या बाजूला, म्हणजे बॉलपर्यंत पोचायला त्याला आधी तुझं अख्खं अंग ओलांडायला लागतं. करीम ७ फूट २ इंच, वर सरळ केलेला हात, उडी, आणि बॉल सुटणार बोटांच्या टोकावरून अगदी वर पोचल्यावर. कधीमधी विल्टसारख्याने अडवला असेल, बाकीच्यांनी हात टेकले. १९७४ च्या फायनलची सहावी मॅच, बॉस्टनमध्ये, दुसरा ओव्हरटाइम, ३ सेकंद राहिलेत आणि १ ने मागे, तेव्हा कोपऱ्याकडून त्याने हाच शॉट मारला आणि मॅच १०२-१०१ जिंकली. ती सिरीज पुढे हरले, पण एवढ्या दडपणात माणूस तोच शॉट मारतो ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास असतो.

आज कोणी मारत नाही कारण तो हातात बसायला वर्षं लागतात आणि पोरांना तेवढा वेळ थ्री पॉइंटरला द्यायचाय, त्याचे तीन मिळतात, ह्याचे दोन. शिवाय दिसायला तो जुनाट वाटतो असं माझीच पोरं म्हणतात. करीम लहानपणी शिकला तो मायकन ड्रिलमधून, जॉर्ज मायकन म्हणून पन्नासच्या दशकातला मोठा सेंटर होता त्याच्या नावाचं ड्रिल, आणि तुला पण तिथूनच सुरू करायचंय, उंची ५ फूट ९ असली तरी काही बिघडत नाही, उलट उंच डिफेंडरवरून टाकायला तुलाच जास्त उपयोग होईल.

बास्केटच्या बरोबर खाली उभा राहा. डावा पाय पुढे टाकून उजव्या हाताने बोर्डावर हुक, बॉल जमिनीवर पडू न देता झेल, लगेच उजवा पाय टाकून डाव्या हाताने, परत झेल, परत उजव्या. बॉल कायम हनुवटीच्या वर, खाली आणलास की गेला. आधी सलग दहा, मग वीस, मग मोजणं सोड आणि दोन मिनिटं न थांबता. महिनाभर हे रोज केलंस की एक पाऊल मागे ये, मग दोन, आणि तेव्हा खांदा वळवायला शिक. डावा हात कच्चा वाटेल, पहिले पंधरा दिवस बॉल रिंगलाही लागणार नाही, तरी उजव्याइतकेच डाव्याने मारायचे. दोन महिन्यांनी मला कळव की डाव्याने सलग किती गेले.